सात नंबरचा तांबेरा

तांबेऱ्याचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात, मावशी मात्र अजून हसते. सत्तरी ओलांडली, गुडघे कुरकुरतात, पण गव्हाच्या पानावरचा तो नारिंगी पुरळ आठवला की तिचा चेहरा असा खुलतो, की नातवंडांचं कौतुक सांगतानाही तेवढा खुलत नसेल.

सत्तावीस वर्षं ती संशोधन केंद्राच्या काचघरात कामाला होती. काम सगळं उलटं. बाकीचे रोग मारायला नेमलेले, ही रोग जगवायला. गव्हाची नवी जात निघाली की तिच्यावर तांबेरा सोडायचा. टिकली तर पुढं, आडवी झाली तर उकिरड्यावर. त्यासाठी तांबेरा कायम ताजा हवा. आणि तांबेरा म्हणजे महा नखरेल, जिवंत पानाशिवाय त्याचं पानच हलत नाही. म्हणून दर पंधरवड्याला नवी रोपं, ओल्या पानांवर ब्रशनं जुन्या कुंडीतली नारिंगी भुकटी, वर प्लास्टिकची टोपी. आठ-दहा दिवसांत पानांवर फोड फुटायचे.

"लोकांच्या बायका मांजर पाळतात," नवरा म्हणायचा, "आमच्या हिनं रोग पाळलाय."

"तुम्हाला नाही का पाळलं इतकी वर्षं?"

बारा तऱ्हेचे तांबेरे होते, कुंड्यांवर नंबर घातलेले. लाडका सात नंबर. थोरल्या साहेबांनी तो कुठल्याशा शेतातून कागदाच्या पुडीत आणला होता. त्या शेतावर पुढं कारखाना उभा राहिला. निवृत्त होताना साहेब एवढंच म्हणाले, "मावशी, सात नंबर आता दुसरीकडं कुठं नाही. तुमच्या पदरात टाकतोय."

त्या पदरापायीच तिच्या हातून चूक झाली. नियम असा, की नवी कुंडी फुटली की जुनी भट्टीत. बाकी अकरांच्या वेळी तिचा हात कचरायचा नाही. सात नंबरची जुनी कुंडी मात्र तिच्यानं जाळवेना. एवढं दिलं बिचारीनं, आणि लगेच जाळ? मग आठ-पंधरा दिवस टेबलाखाली ठेवायची, येताजाता पाणी शिंपडायची.

एका सकाळी सात नंबरच्या फोडांवर तिला काळे ठिपके दिसले, खसखशीहून बारीक. काजळी असेल म्हणून फुंकर मारली. हलेनात. आठवड्यात फोड मलूल पडले. पूर्वी ब्रश टेकला तरी भुकटी उडायची, आता चिमूटभर निघेना.

थोरल्या साहेबांच्या जागी आलेल्या मॅडम तेव्हा नव्यानंच रुजू झालेल्या. त्यांनी भिंगाला डोळा लावला आणि खुर्चीतून उठल्याच. "मावशी, ही बुरशी आहे! तांबेऱ्यावर जगणारी. पानाला हात लावत नाही, तांबेऱ्यालाच खाते."

"म्हणजे रोगाला रोग?"

"हो! किती छान ना?"

"छान कसलं? माझं घर बुडतंय आणि तुम्ही पाण्याचं कौतुक करताय."

मॅडम वरमल्या. "पण ही आली कुठून?"

मावशीला ठाऊक होतं. पहाटे येऊन तिनं टेबलाखाली वाकून बघितलं होतं. जुन्या कुंड्यांची पानं मिरी सांडल्यासारखी ठिपक्यांनी भरलेली. पाण्याचे शिंतोडे तिनंच उडवले होते. केंद्राच्या माळीदादानं तर पळवाटही सुचवली होती, "फुटक्या काचेतनं आली म्हणा की." शब्द तिच्या ओठापर्यंत आले. पण वाऱ्यावर ढकललं असतं तर त्या कुंड्या तिथंच लपून राहिल्या असत्या, आणि सात नंबर हातचा गेला असता.

"माझ्यामुळं आली," ती म्हणाली. "जुन्या कुंड्या जाळल्या नाहीत मी. त्या बघा, टेबलाखाली."

मॅडमनी आरडाओरडा न करता भिंग तिच्या हातात दिलं. तेच जास्त लागलं.

मग तीन दिवस ती भिंग घेऊन बसली. पानामागून पान. तिसऱ्या दिवशी एका पानाच्या शेंड्याला एकच फोड सापडला, ठिपका नसलेला. सात नंबरसाठी काचघर तिनं वर्ज्यच केलं. ऑफिसच्या जिन्याजवळची खोली मागून घेतली, खिडकीत पाच रोपं ठेवली, कोपरापर्यंत साबण लावून कोरा ब्रश घेतला, आणि तेवढ्या एका फोडाची भुकटी पाची रोपांना पुरवली. सात नंबरच्या बाकीच्या कुंड्या स्वतः भट्टीत घातल्या. एक तेवढी, ठिपक्यांसकट, मॅडमच्या खोलीबाहेर नेऊन ठेवली.

"ही तुमची. पण माझ्या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

"मी, की बुरशीनं?"

"दोघींनीही."

दहा दिवस ती घरी धड जेवली नाही. नवऱ्याची थट्टाही आटली. दार उघडताना तोच विचारायचा, "फुटलं का गं?"

अकराव्या दिवशी पाचातल्या दोन रोपांवर नारिंगी टिंबं उमटली. इतक्या जवळून बघत बसली, की श्वासानं भिंग धुरकटलं. पुसून पुन्हा बघितलं. स्वच्छ.

मॅडमना सांगायला गेली तर त्याच काकुळतीला आलेल्या. "मावशी, माझी बुरशी उपाशी आहे हो. तांबेरा संपला. तुमच्यातलं एक रोप द्या ना."

"आज नाही. आधी माझी दोनाची पन्नास होऊ देत, तोवर तिला वाळल्या पानांत झोपवा."

तीन महिन्यांत पन्नास झाली. मग दर पंधरवड्याला ती एक भरली कुंडी अंगण ओलांडून मॅडमच्या उंबऱ्यापाशी ठेवायची, दार वाजवायची आणि मागं न बघता नळावर जायची. पहिल्या वेळी डोळे भरून आले. पुढं पुढं त्या कुंडीला तीच "जा बाई, जेवू घाल" म्हणायची.

आता अंगणात बसली की कधीकधी ती नखं उन्हात धरून बघते. साबणानं कितीही घासली तरी कडेला राहायची ती नारिंगी रेघ, निवृत्तीनंतर महिनाभरात गेली. तेवढी राहायला हवी होती, म्हणते.