अशोकची बॅटरी कुठं जाते?

गॅरेजात सुटे नटबोल्ट मुद्दाम कुणी जमवत नाही, तरी डबा भरतोच. आमच्या किश्शांचंही तसंच आहे. श्रीरामपुरात मन्सूरभाईंच्या गॅरेजवर दर रविवारी आम्ही चारपाच रिकामटेकडे जमतो. यंदाचा अख्खा डबा एकट्या अशोकच्या फटफटीने भरला.

फटफटी त्याच्या वडिलांची. ते साखर कारखान्यात होते, मागच्या वर्षी गेले. गाडीचा रोग एकच. बॅटरी चार्ज करून बसवा, दोन दिवसांत ठणठणगोपाळ! पुण्याच्या धाकट्या भावाने तर गिऱ्हाईकही बघून ठेवलेलं. "चालत नाही ती गाडी ठेवून करायचं काय?" हा त्याचा सवाल. अशोकला मात्र गाडी विकायची नव्हती.

*

पहिल्याच दिवशी मन्सूरभाईंनी विचारलं, "हेडलाईटवरचा हा काटा कुठं असतो?"

"मधोमध."

"गाडी पळताना?"

"तवाबी मधोमध."

"मग तुमाला काय वाटलं?"

"टाकी अर्धी हाय!"

काटा चार्जिंगचा होता, आणि तोही अडकलेला. वर्षभर हा गडी त्याच्या भरवशावर पेट्रोल भरत होता!

*

डायनमो उघडला तेव्हा आमच्या सरांना राहवलं नाही. सर कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेत. चुंबक, तारेचं वेटोळं, करंट कसा तयार होतो, सगळं त्यांनी खडूने फरशीवर काढलं. एक अनोळखी पाहुणे मान डोलवत ऐकत होते. सर खूश!

"काही शंका?"

"एकच हाय. माजं पंक्चर कवा निघनार?"

*

डायनमो ठीक, वायरिंग ठीक, बॅटरी नवी. मन्सूरभाई म्हणाले, "आता दिवा लावून राहात्यापर्यंत जाऊन या. चार्जिंग पुरतंय का बघू."

भर दुपारी अशोक निघाला. नव्या गाड्यांचे दिवे दिवसभर जळतात, त्यांना कुणी हटकत नाही. पण जुन्या गाडीचा दिवा दिसला की अख्ख्या रस्त्याला काळजी! समोरून येणारा प्रत्येक जण पंजा उघडमीट करून दाखवायचा.

परत आल्यावर भाईंनी विचारलं, "दिवा टिकला का?"

"बंद केला. किती जनांना सांगत बसू?"

*

शेवटी भाईंनी आठवडाभर गाडी गॅरेजवरच ठेवून घेतली. बॅटरी टुणटुणीत! घरी नेली, दोन दिवसांत पुन्हा खलास.

"अशोकराव, फॉल्ट गाडीत न्हाई. तुमच्या घरात हाय."

म्हणून एका संध्याकाळी अशोकने दुकानातून लवकर सुट्टी घेतली आणि तो, मन्सूरभाई आणि मी असे तिघे त्याच्या घरी गेलो. दिवेलागणीला त्याच्या आईंनी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली. मग खिळ्यावरची किल्ली घेतली, पडवीत जाऊन फटफटीचा हेडलाईट लावला, आणि आत येऊन निवांत भाकरी थापायला बसल्या!

"आई, हे रोज करती तू?" अशोकने विचारलं.

"व्हय. ड्युटीवरनं ह्याच येळंला यायचे ना. भाकरी हुईस्तोवर असू दे म्हनलं. तू यायच्या आत इझवते की."

मन्सूरभाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"चला, फॉल्ट सापडला! आता आईंना सांगा, की तेवढा दिवा..."

अशोकने त्यांचा हात धरला.

"भाई, ह्याच्यापेक्षा मोठी बॅटरी बसंल का?"