मेंढपाळ आणि एक गाळलेला 'का'

उद्या सकाळी तुम्ही चहा घेणार की नाही हे कुणाला आजच पक्कं ठाऊक असेल, तर उद्याचा चहा तुम्ही स्वतःच्या मनानं घेतलात असं म्हणता येईल का? माझा मित्र सुहास याच्या मामांनी हा प्रश्न मला पहिल्याच भेटीत, दौंड स्टेशनाबाहेरच्या टपरीवर, कप ओठांपाशी पोचलेला असताना विचारला होता. तो चहा मी गार करून प्यायलो. नव्वदच्या दशकात दौंडात राहिलेल्या एकाही माणसाचा चहा मामांच्या हातून गार व्हायचा वाचला असेल, यावर माझा विश्वास नाही. रेल्वेतले सहकारी, भाजीवाल्या, दाखल्यासाठी कचेरीत रांगेत उभी असलेली माणसं, कुणालाही ते थांबवत आणि अतिशय अदबीनं विचारत, "एक शंका हाय, इचारू का?" नको म्हणायची सोय नसे, कारण मग नको का म्हणालात हीच दुसरी शंका निघे.

मामा रेल्वेत केबिनमन होते. रूळ जिथे फुटतात तिथले सांधे लिव्हर ओढून फिरवायचे, हे त्यांचं काम. ड्रायव्हर गाडी पळवतो, पण कुठे वळायचं हे तो ठरवत नाही, ते मामा ठरवत. आणि मामांना वरून फोन येई. मग गाडी नेमकी वळवतो कोण, या विचारात त्यांची निम्मी नोकरी गेली. घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. दर रविवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसत आणि उपासनेनंतर लहान मुलांची शब्बाथशाळा घेत. त्या वर्गात मुलांना एकच शिस्त होती, काहीही विचारायचं. आठवड्यातला तो एक तास सोडला तर मामांना जगात त्यांच्या तोडीचे लोक भेटत नसत.

मी तेव्हा पाटसहून एसटीनं दौंडला कॉलेजला यायचो. माझे चुलते साखर कारखान्यातल्या कामगार चळवळीतले. त्यांच्या ट्रंकेतली पत्रकं वाचून मी लहानाचा मोठा झालो. विसाव्या वर्षी माझ्याकडे प्रश्न फारसे नव्हते, उत्तरं मात्र गठ्ठ्यानं होती. देव नाही, धर्म ही फसवणूक आणि माणूस परिस्थितीच्या हातातलं बाहुलं, हे मला कधीही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येत असे. मामांना पाहिलं आणि मी ठरवून टाकलं की हा माणूस निम्मा आपला आहे, एक धक्का दिला की झालं.

प्रवचन चालू असताना मामा शाळेतल्यासारखा हात वर करीत. चर्चचे पाळकसाहेब स्वभावानं गरीब. पहिल्या वेळी त्यांना वाटलं, मामांना बाहेर जायचंय, म्हणून त्यांनी मान हलवली. मामा उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, आदाम ते फळ खाणार हे देवाला आधीच ठाऊक व्हतं, तर झाड बागंच्या मधोमध कशाला लावलं? कुंपणाबाहेर जागा न्हवती का?" पाळकसाहेबांनी हे एक गूढ आहे असं सांगितलं. मामांनी खिशातली वही काढून ते लिहून घेतलं. त्या वहीत दोन भाग होते, 'उत्तर मिळालं' आणि 'गूढ'. गूढाची पानं संपून मलपृष्ठावर मजकूर गेला होता. उत्तराच्या भागात एवढीच नोंद मी पाहिली, की नाताळची उपासना नऊला आहे.

बरं, हे सगळं ते फक्त दुसऱ्यावर सोडत असंही नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळात त्यांनी एकदा चहा सोडला. तिसऱ्या दिवशी मी टपरीवर गेलो तर मामांच्या हातात कप, आणि ते कपाकडे अशा नजरेनं बघत होते की जणू तो कुणीतरी त्यांच्या हातात ठेवून पळून गेला आहे. म्हणाले, "नगं म्हणणारा मी, आन् पिणारा बी मीच. मंग आमच्यातलं हरलं कोण?" हे बोलून त्यांनी दुसरा कप मागवला, पहिल्यात नीट लक्ष लागलं नव्हतं म्हणून.

मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन तेव्हा दौंडला एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावत. गाडी आल्या दिशेनं निघाली की नवखे प्रवासी घाबरून उठत, गाडी माघारी चालली म्हणून. एका रविवारी चर्चच्या मंडळीतल्या एका गृहस्थांनी सगळ्यांसमोर साक्ष दिली की आपण दारू सोडली, आता आपण संपूर्ण नवा माणूस झालो. मामांनी त्यांना दारात गाठून विचारलं, "डबा तोच हाय ना? मंग फिरलं ते काय, तुम्ही का इंजिन?" ते गृहस्थ पुढे कित्येक महिने मामांना पाहून रस्ता बदलत. मामांना याचं खरोखर वाईट वाटलं. त्यांना माणूस मुळातून बदलतो का हे जाणून घ्यायचं होतं, आणि ज्याला ते आतून माहीत असण्याची शक्यता होती तोच पळत होता.

हिवाळ्यात मी त्यांना हुरड्याला आमच्या रानात आणलं. आम्ही पूर्वीचे मेंढरंवाले. आता ऊस आणि ज्वारी, पण वडिलांनी, म्हणजे आबांनी, तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत पायपीट केलेली. मामांनी आगटीजवळ टेकता टेकता त्यांना झाडाची आणि फळाची गोष्ट सांगितली आणि चूक कुणाची ते विचारलं.

आबा म्हणाले, "पाव्हणं, वाटंत दुसऱ्याचं हिरवं रान लागतंयच. मेंढरू तोंड घालणारच. मंग राखणारा कशाला हाय?"

"तेच तर इचारतोय आबा. राखणारा कुठं व्हता तवा?"

आबांनी कणसावरची राख फुंकली. "डोळा लागला आसंल. दिसभर चालून आमचा बी लागायचा."

मामा हसले, मग त्यांनी खिशातली वही काढली. पुढच्या रविवारी हात वर झाला आणि त्यांनी विचारलं, देव आपला मेंढपाळ म्हणता, तर तेव्हा मेंढपाळाचा डोळा लागला होता का? मंडळी हसली, पाळकसाहेबही हसले, पण या वेळी ते गूढ म्हणाले नाहीत. विचार करून सांगतो म्हणाले. मामा आठवडाभर लग्न ठरल्यासारखे खुशीत होते.

मी त्याच आठवड्यात पत्रक छापलं. वर लिहिलं, दौंडच्या चर्चमधले एक श्रद्धावान शिक्षक काय म्हणतात ते वाचा, आणि खाली ठळक मथळा, 'मेंढपाळाचा डोळा लागला होता!' मथळ्यातला शेवटचा 'का' मी काढला. एका ओळीत बसत नाही असं छापखान्यात सांगितलं. खरं म्हणजे 'का' नसला की मथळा जास्त जोरकस वाटत होता. दौंड स्टेशनवर, शिरूरच्या एसटी स्टँडवर, वरवंडच्या बाजारात, सगळीकडे मी ते पत्रक वाटलं. नाव घातलं नव्हतं, पण दौंडात ओळखायला नाव लागतंय कुणाला?

चर्चच्या पंच कमिटीनं मामांना बोलावलं. देव झोपतो असं तुम्ही मुलांना शिकवता का, असं विचारलं. मामा म्हणाले, मी शिकवत नाही, मी विचारतो. पंचांनी पत्रक पुढे ठेवून म्हटलं, यात विचारलंय कुठे ते दाखवा. मामांनी कागद दोनदा वाचला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापाशी विचारायला काही नव्हतं. शब्बाथशाळेचा वर्ग त्यांच्याकडून काढून घेतला गेला.

मी त्यांच्या रेल्वे क्वार्टरवर गेलो. वाटेत सगळी मांडणी तयार केली होती. माझं वय, माझं वाचन, छापखान्याची घाई, परिस्थितीच तशी होती. मामा पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ब्रश थांबवून म्हणाले, "एकच सांग. तो 'का' तू आपल्या मनानं काढलास, का तुझ्याच्यानं ऱ्हावलं न्हाई?"

माझ्या पत्रकांप्रमाणे दुसरं उत्तर बरोबर होतं. ते जिभेवर तयारही होतं.

"मनानं काढला, मामा."

"बरं झालं," ते म्हणाले. "ऱ्हावलं न्हाई म्हणला असतास, तर माफ कुणाला करणार व्हतो मी? पावसानं पीक झोडपलं म्हणून पावसाला कुणी माफ करतंय का?" आणि त्यांनी दुसरा बूट घेतला.

मी पंच कमिटीपुढे जाऊन खरं काय ते सांगितलं. पाळकसाहेबांनी शांतपणे ऐकलं, पण वर्गावर नव्या बाई आल्या होत्या, त्या राहिल्या. मामा निवृत्तीनंतर मुलीकडे शिरूरला गेले. तिथल्या चर्चमध्ये ते मागच्या बाकावर बसतात आणि गप्प असतात, असं सुहास सांगतो. मी अजून देव मानत नाही आणि अजून पत्रकं काढतो. माणूस बाहुलं आहे हे वाक्य मात्र त्यानंतर माझ्याच्यानं लिहिलं गेलेलं नाही. हे मी माझ्या मनानं सोडलं की मामांनी सोडायला लावलं, हे त्यांना विचारायला हवं होतं.

म्हणून तुम्हाला एक विनंती. तुमच्या घरी जुन्या रद्दीत किंवा कपाटाच्या तळाशी अंथरलेलं ते पत्रक सापडलं तर फाडू नका. मथळ्याच्या शेवटचं उद्गारचिन्ह खोडा आणि तिथे पेनानं 'का' लिहा. अक्षर वाईट आलं तरी चालेल. आणि ते करताना घरातल्या एखाद्या मुलानं काय लिहिताय म्हणून विचारलं, तर त्याला शेजारी बसवून घ्या.