कोरडा डबा

निमगाव केतकीच्या पंचक्रोशीत गेणबा गुळव्याला न ओळखणारा माणूस सापडला, तर तो नक्की कुणाचा तरी नवा जावई असणार. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळावरचा मुख्य कारागीर. ऊस कुणाचाही असो, काहील कुणाचीही असो, उकळता पाक कधी उतरवायचा हे ठरवणार गेणबा. काहिलीतला थोडा पाक तो गार पाण्यात सोडायचा, बोटांनी त्याची गोळी वळायचा आणि काहिलीच्या कडेवर हाणायचा. गोळी टणकन वाजली की म्हणायचा, "उतरवा." त्याआधी खुद्द मालकानं सांगितलं तरी काहील जागची हलायची नाही.

असा हा हेकट माणूस. बायकोचं ऐकायचा नाही, मालकाचं ऐकायचा नाही, डॉक्टरचं तर नाहीच नाही. ऐकायचा फक्त एकीचं, रोहिणीचं. एकुलती एक लेक. बारामतीत रसायनशास्त्र शिकली आणि तिथंच एमआयडीसीतल्या एका लहानशा प्रयोगशाळेत लागली. कारखान्यांच्या पावडरी तिथं तपासायला यायच्या. कोणती ज्योत लागली की पेटते, कोणती नुसत्या उबेनं आतल्या आत तापत जाते, कोणती ट्रकमधून बिनघोर नेता येते, हे बघायचं काम. गेणबाला त्यातलं अर्धंही कळत नव्हतं, पण सांगताना अंगावर मूठभर मांस चढायचं. "आमी गुळाची परीक्षा घेतो, लेक जाळाची घेती," असं तो बाजारात, एसटीत, न्हाव्याच्या खुर्चीत, जिथं कान सापडेल तिथं सांगायचा. ऐकणारा कंटाळला की पुन्हा पहिल्यापासून सांगायचा.

नोकरी लागल्या लागल्या रोहिणीनं पहिलं काम केलं ते बापाची बिडी सोडवण्याचं. "आण्णा, चारी बाजूला वाळली चिपाडं, आन् तुमी मधी बसून बिडी वढताय." रस काढलेल्या उसाची ही चिपाडंच गुऱ्हाळाचं जळण. एका ठिणगीत सगळं स्वाहा व्हायचं. जन्माची सवय गेणबानं त्या दिवशी टाकली. फक्त कानावर एक बिडी ठेवायचा, कधीच न पेटवलेली. कुणी हसलं तर म्हणायचा, "कान मोकळा मोकळा वाटतो रं."

आता त्या पावडरीचं. काळपट गूळ चांगला असतो, हे गिऱ्हाईक तोंडानं म्हणतं आणि हातानं पिवळाधमक उचलतं. गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात ते खोटं नाही. तर त्या पिवळ्या रंगासाठी उकळत्या रसात एक पांढरी पावडर टाकतात. हायड्रो म्हणतात तिला. रसायनाच्या पुस्तकात तो एक क्षार. गुऱ्हाळाचे मालक आबाजीतात्या यांनी हंगामाला तिचे दोन मोठे डबे आणले होते. एक फोडला होता आणि तो पाण्याच्या टाकीजवळ, रसातली मळी काढायला लागणारी रानभेंडी भिजत घालायच्या जागी उभा असायचा.

दिवाळीला घरी आलेल्या रोहिणीनं तो तिथं पाहिला. ओल लागली की ही पावडर बिथरते, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. पण ती हे बोलली कधी, तर परत निघताना. बारामतीची एसटी येऊन उभी राहिली होती. एक पाय पायरीवर ठेवून ती म्हणाली, "आण्णा, तो डबा पाण्यापासनं हलवा. त्येला वल लागू देऊ नका."

"न्हाय लागू देत," गेणबा म्हणाला.

कंडक्टरनं घंटी मारली. बाकीचं पुढच्या खेपेला सांगू म्हणून ती आत शिरली.

पुढची खेप आली ती दवाखान्यातच. माघातल्या एका सकाळी गुऱ्हाळाच्या खोपीतल्या त्या डब्यातून धूर निघाला. काहिलीखालच्या चुलवाणात जळण घालणारा कुंडलिक पाण्याची बादली घेऊन धावला, तर गेणबानं त्याला अडवलं. "पाणी नको. पोरीनं पाणी नको म्हटलंय." आणि त्यानं तो धुमसता डबा दोन्ही हातांनी कवटाळला आणि ओढत बाहेर मोकळ्या जमिनीवर नेला. चिपाडांनी तोवर पेट घेतलाच. खोप जळाली, माणसं वाचली. गेणबाचे हात कोपरापर्यंत भाजले होते, आणि हातांपेक्षा वाईट म्हणजे तो धूर छातीत गेला होता.

बारामतीच्या दवाखान्यात रोहिणी त्याच्या उशाशी होती. मास्क बाजूला सारून तो म्हणाला, "डबा कोरडा हुता, बाय."

"आण्णा, डब्याचं आता काढू नका. गप पडा."

थोड्या वेळानं त्यानं तेच पुन्हा सांगितलं आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिला. जळाल्या गुऱ्हाळातच जीव अडकलाय याचा, असं वाटून तिला रागही आला. तिनं मास्क परत नीट बसवला. दिवस मावळायच्या आत गेणबा गेला.

गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? तेराव्याच्या आत निकाल लागला होता की गेणबाच्या बिडीनं गुऱ्हाळ जाळलं. कानावरची बिडी सगळ्यांनी पाहिलेली. ती कधी पेटलेली कुणीच पाहिली नव्हती, पण मेलेल्याला बोल लावायला एवढी चौकशी कोण करतो? आबाजीतात्या वाईट माणूस नव्हते. तेही म्हणाले, "लई चांगला माणूस, पर बिडीनं घात केला." गेणबाची बायको कुशाबाई आठवड्याच्या बाजाराला जायची बंद झाली. शेजारणीकडून मीठ-मिरची मागवायची आणि दार ओढून घ्यायची.

रोहिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. बापानं तिच्या शब्दाखातर सोडलेली बिडी त्याच्याच तिरडीवर ठेवली होती या लोकांनी. ती तात्यांकडं गेली आणि त्यांच्या घरी राहिलेल्या, न फोडलेल्या दुसऱ्या डब्यातली पावडर मागून घेतली. प्रयोगशाळेचे प्रमुख ज्ञानेश सर, मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कर. पण जे निघेल ते निघेल, रोहिणी." ती हो म्हणाली. काय निघणार आहे हे तिला ठाऊक असल्यासारखी म्हणाली.

पहिली परीक्षा ज्योतीची. पावडरीची वीतभर लांब ओळ पाडली आणि एका टोकाला ज्योत धरली. पावडर धुमसली, उग्र वास सुटला आणि ते जळणं हळूहळू पुढं सरकत गेलं. म्हणजे बाहेरची आग लागली तर ती जळते. मग बिडीची ठिणगी का नाही लागली असणार? रोहिणी त्या काळ्या पडलेल्या ओळीकडं बघत उभी राहिली. बाप त्यातून सुटत नव्हता.

दुसरी परीक्षा उबेची. बारीक जाळीची चौकोनी डबी पावडरीनं भरून ओव्हनमध्ये टांगायची. पावडरीच्या पोटात एक तार, तिचं तापमान बाहेर दिसतं. ओव्हन एका आकड्यावर स्थिर ठेवायचा. ज्योत नाही, ठिणगी नाही, नुसती ऊब. पावडर ओव्हनइतकीच तापून थांबली तर तिचा तसा धोका नाही. ओव्हनला मागं टाकून ती आपली आपण वर चढत गेली, तर समजायचं की आग हिच्या पोटातच आहे. या परीक्षेला अख्खा दिवस आणि रात्र देतात. रोहिणीनं स्टूल ओढलं आणि समोर बसली. जेवणाचा डबा उघडला नाही, चहा घेतला नाही. वर चढ, एवढंच ती त्या आकड्याला विनवत होती. आपण काय विनवतोय हे तिला तेव्हा कळत नव्हतं.

दुपार व्हायच्या आत आकडा ओव्हनच्या पुढं गेला. आणि मग थांबेचना. ओव्हनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीतून गळती असावी, वास बाहेर आला. फटाके उडून गेल्यावर अंगणात राहतो तसा. दवाखान्यात आण्णांच्या सदऱ्याला हाच वास होता. रोहिणीचा जीव भांड्यात पडला आणि ती तिथंच स्टुलावर बसून हमसून हमसून रडली. बिडी नव्हती. ठिणगी नव्हती. बाप सुटला होता.

सरांनी तिला रडू दिलं. मग हलकेच विचारलं, "पण एवढी ऊब त्या डब्याला मिळाली कुठून? थंडीचे दिवस. नुसता कोपऱ्यात असता तर असा तापला नसता."

हे गावातच विचारायला हवं होतं. ती संध्याकाळच्या एसटीनं निमगावला आली. कुशाबाई तूर पाखडत होती.

"आये, बिडी न्हवती. पावडर उबेनं आपली आपण पेटली. मी डोळ्यानं बघितलं."

कुशाबाईनं सूप खाली ठेवलं. पदर तोंडाला लावला. "मला ठावं हुतं. तुला दिलेला शब्द त्ये मोडणारं न्हवतं."

"डबा असायचा कुठं, आये?"

"कुठं म्हंजी? चुलवाणाच्या खांद्यावर." कुशाबाईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि बोलण्यात अभिमान. "तू वल लागू देऊ नका म्हणालीस न्हवं? तुजी एसटी हलली, आन् त्यांनी आधी जाऊन डबा उचलला. गुऱ्हाळात त्याच्यापरीस कोरडी जागा हाय का दुसरी?"

नव्हतीच. रोहिणीला कळायला हवं होतं. रात्रंदिवस पेटत्या भट्टीचा तो मातीचा उबदार कट्टा. गुऱ्हाळावर कुणालाही काही कोरडं ठेवायचं झालं की तिथंच ठेवतात. काडेपेटी तिथं, भिजलेली चप्पल तिथं, सर्दट झालेलं मीठ तिथं. लहानपणी पावसात भिजलेलं तिचं दप्तरही आण्णांनी तिथंच वाळवलं होतं. ओलीइतकंच या पावडरीला उबेपासून जपायचं असतं, हे तिला माहीत होतं. सांगायचं राहिलं होतं.

कुशाबाईनं मात्र सकाळ होताच नवं लुगडं नेसलं आणि लेकीचा हात धरून गुऱ्हाळावर नेलं. नवी खोप उभी राहत होती, चुलवाण गार होतं. आबाजीतात्या, कुंडलिक आणि चार गडी तिथं होते. रोहिणीनं ओव्हनचं सगळं सांगितलं. तात्यांनी नीट ऐकलं.

"बरं. बिडी न्हाय तर न्हाय," तात्या म्हणाले. "पर मग ती उबेला ठिवली कुणी? गेणबानंच न्हवं? म्हंजी फिरून फिरून चूक त्याचीच म्हणायची."

आता गप्प बसणं फार सोपं होतं. एसटीच्या पायरीवर नेमकं काय बोलणं झालं, हे आईखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आईला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता.

"त्यांची न्हाय, तात्या. माजी," रोहिणी म्हणाली. "मी त्यांना वलीपासनं जपा म्हणून सांगितलं. उबेपासनं बी जपायचं, हे सांगितलंच न्हाय. त्यांनी माजं ऐकलं, म्हणून हे झालं."

कुशाबाईनं लेकीकडं पाहिलं, हातातला हात सोडला आणि तिथंच विटांच्या ढिगावर बसली.

कुंडलिक पुढं आला. "ताई, त्यो रोज सकाळी डब्याच्या बुडाला हात लावून बघायचा. पाक बघतो तसा, डोळं मिटून. आन् मला म्हणायचा, बघ रं, कोरडा ठणठणीत. पोरीनं इचारलं तर सांगता यावं."

तेव्हा कुठं तिला कळलं. दवाखान्यात बाप गुऱ्हाळाची काळजी करत नव्हता. आपल्या हातून काय चुकलं हे त्याला कळलंच नव्हतं. लेकीनं सांगितलं ते आपण केलं, एवढं तिच्या कानावर घालून तो तिच्या तोंडाकडं बघत थांबला होता. बरं केलं, आण्णा, एवढंच ऐकायला. आणि तिनं त्याला गप पडा म्हणून सांगितलं होतं.

रोहिणी चुलवाणाजवळ गेली. त्याच्या खांद्यावर डब्याच्या बुडाची गोल खूण अजून होती. तिनं तिच्यावर हात ठेवला. माती गार होती.

"व्हय, आण्णा," ती म्हणाली. "कोरडा हुता."