सारजाबाईची पाठ

सारजाबाई माझी थोरली जाऊ. नवरा गेल्यावर सणसरातला दोन एकर ऊस तिनं एकटीनं सांभाळला, धाकट्या दिराला, म्हंजी माझ्या मालकाला, शिकवलं. उभ्या जन्मात कुणापुढं डोईवरचा पदर ढळू दिला न्हाय. अशा बाईच्या वाट्याला हे यावं, म्हणून माझं टाळकं फिरतं.

आमच्याकडं खुरपण उरकलं की बाया कॅनॉलवर अंघोळीला जातात. बांधावरच्या बाभळीवर एक लुगडं टाकायचं. ते दिसलं की गडीमाणूस तितूनच माघारी फिरतो. शेंबड्या पोरालाबी हे ठाव हाय.

शहाण्णव साली दिवाळीनंतर माझा सुयश पुण्याच्या कॉलेजातनं आला तो मान खाली घालून. खोदून खोदून इचारलं तवा बोलला, "आई, पुण्यात फोटोंचं प्रदर्शन लागलंय. त्यात मोठीआईचा हाय. उघड्या अंगाचा."

मी म्हणलं, गप बसावं. सारजाबाई म्हणाली, "मी जाणार. त्यो फोटो खाली उतरवायचा."

बारामतीहून येष्टी धरून तिघं गेलो. अगं बाई, भिंतीएवढा फोटो! कमरेपर्यंत पाणी, ओली पाठ, खांद्याखाली भाजल्याचा जुना डाग. त्याच्यावरनंच पोरानं वळखलं. खाली नाव लिवलेलं, 'जलकन्या'. कन्या म्हणं! पन्नाशीची बाई ती. आन शेजारी दुसरा फोटो, बाभळीवरच्या लुगड्याचा. म्हंजी लुगडं दिसलं होतं त्या मेल्या फोटोवाल्याला! रंग आवडला म्हणं, म्हणून पुढं आला.

"मावशी, चेहरा कुठं दिसतोय?" फोटोवाला म्हणाला. "ही कला आहे. शरीरात लाजण्यासारखं काय असतं?" वर चहा घेणार का म्हणून इचारलं!

"माझ्या अंगाचं माझं मला ठाव हाय," सारजाबाई म्हणाली. "तू मला इचारलंस का? उतरीव."

बघे गोळा झाले तसा तो वरमला. फोटो उतरवून कागदात बांधला. सारजाबाईच्या जिवात जीव आला.

"आणि निगेटिव्ह?" सुयशनं इचारलं.

"ती माझ्याकडंच राहणार. माझं काम आहे ते."

"ती काय असती रं?" सारजाबाईनं इचारलं. सुयशनं सांगितलं, तिच्यावरनं पायजे तितके फोटो निघतात.

तिनं पदर ओढून पाठ झाकली.

"म्हंजी मी आजून उघडीच हाय की रं, सुयश."