धाडच्या बसमधलं एक वाक्य

धाड-बुलढाणा एसटीच्या कंडक्टरबाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. 'पुढं सरका' त्या एकदाच म्हणतात आणि माणसं सरकतात. मी बुलढाण्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो, हे त्यांना ठाऊक होतं.

एकदा तिकीट देता देता म्हणाल्या, "सर, पोरीच्या शाळेत आयांले इंग्रजीत बोलाचं हाय. घर आन् नोकरी कशी सांभाळता म्हनून. मी चुकली तं पोरीले लाजल्यासारखं होईन. एक वाक्य द्या."

मी वहीचं पान फाडून लिहून दिलं, 'आय मेंटेन वर्क-लाइफ बॅलन्स.' आठवडाभर त्या ते तिकिटं देताना घोकत होत्या. दर वेळी 'मेंटेन'पाशी अडखळायच्या.

मग बाजाराचा दिवस आला. खच्चून भरलेल्या गाडीत एक बाई टोपली आणि तान्हं लेकरू घेऊन चढली. कंडक्टरबाईंनी लेकरू कडेवर घेतलं आणि तसंच मागच्या सीटपर्यंत सगळ्यांना तिकिटं दिली. गाडी वळणावर झुकायची, पण त्यांनी एकदाही कशाचा आधार घेतला नाही. लेकरू झोपून गेलं.

माझ्यापाशी आल्यावर हळूच म्हणाल्या, "सर, तुमचं वाक्य लय भारी हाय, पन माह्या तोंडात बसून नाही राह्यलं. 'आय डू बोथ' म्हनलं तं चालीन काय?"

"चालेल," मी म्हटलं. वीस वर्षं इंग्रजी शिकवणारा मी तेव्हा वरची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा होतो.