सौनात वाळवलेली खुर्ची

रेइनोने गावच्या सहकारी दुकानात काउंटरमागे अडतीस वर्षं उभ्याने काढली. निवृत्त झाल्यावर त्याने खुर्ची करायला घेतली, तेव्हा गावात कुणालाच नवल वाटलं नाही.

खुर्ची डुलणारी होती आणि सासूसाठी होती. हिल्मा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी नव्वद वर्षांची होणार होती. तिचा नवरा नेस्तोरी पंचक्रोशीतला नावाजलेला सुतार. त्याने शेकडो खुर्च्या केल्या. त्यांतल्या एकीवर बसून हिल्मा एकदा म्हणाली होती, "बसता येतं." या दोन शब्दांवर नेस्तोरी मरेपर्यंत खूश होता. जावयाला मात्र ती लग्नापासून 'दुकानदार' म्हणत आली. त्याने भिंतीला साधी फळी ठोकली तरी विचारायची, "खिळ्यांचं वजन करून घेतलंस ना?"

ते दोन शब्द एकदा आपल्याही वाट्याला यावेत, एवढ्यासाठी रेइनो नोव्हेंबरपासून अंगणातल्या खोपटात रंधा मारत होता.

लाकूड बर्चचं, सांधे बिनखिळ्याचे. अडचण एकच होती. बाहेर उणे एकतीस असताना खोपटातली शेगडी फक्त शेगडीलाच तापवते. सांधा बसवायच्या आत सरस थिजायचा. नेस्तोरी वापरायचा तोच, कातडी उकळून केलेला सरस रेइनोने मुद्दाम आणला होता. शेवटी शुक्रवारी त्याने सगळे भाग सौनात, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायच्या न्हाणीघरात नेले, मंद जाळ केला आणि खुर्ची तिथेच जोडली. शनिवारी तीनला खुर्ची बाहेर काढायची, चारला नेहमीचं स्नान. तसं त्याने कॅलेंडरवर लिहिलंही.

कॅलेंडरवर सासू नव्हती. हिमवादळाचा अंदाज आला म्हणून हिल्माच्या भाच्याने तिला रविवारऐवजी शनिवारी एक वाजताच आणून सोडलं. शनिवारी आलेल्या पाहुण्याला सौना नाही म्हणता येत नाही, आणि पहिला मान पाहुण्याचा. रेइनो मागे छपरावरचा बर्फ ओढत होता. त्याची बायको सिल्वी हिने जाळ वाढवला आणि दगड तापल्यावर आईला आत पाठवून रेइनोला तसं सांगितलं.

"आणि खुर्ची?" रेइनोने शिडीवरूनच विचारलं.

"आहे की आत. उबेसाठीच ठेवलीस ना? आता मिळेल चांगली ऊब."

रेइनो धावत गेला आणि दाराशी थांबला. आत सासू सौनात माणसं असतात तशी, म्हणजे कपड्यांशिवाय होती.

"आई, त्या खुर्चीवर बसू नका!"

"का? कुणासाठी केलीस?"

"तुमच्यासाठी."

"मग बसलेय."

"बरं, निदान दगडांवर पाणी टाकू नका. वाफेने सरस सुटतो."

"सौनात येऊन पाणी टाकू नको? तुझ्या दुकानात लोक मीठ न घेता परत जायचे का रे?"

पाठोपाठ दगडांवर पाणी पडल्याचा आवाज आला. एकदा. मग दोनदा. रेइनोने दाराला कान लावला. थोड्या वेळाने आतून जो आवाज आला तो धडपडण्याचा नव्हता. म्हातारी गाय बसते तसा, टप्प्याटप्प्याने येत गेला.

"दुकानदार," हिल्मा आतून म्हणाली, "खाली बरं आहे. वर फार गरम होतं."

सिल्वीने आत जाऊन तिला उठवलं. लागलं काहीच नव्हतं. टॉवेल गुंडाळून बाहेर आलेल्या हिल्माच्या हातात खुर्चीचा एक पाय होता. चष्मा लावून तिने त्याचं टोक उलटसुलट पाहिलं, मग त्यावर नख फिरवलं. रेइनो गुन्हेगारासारखा उभा होता.

"सरस उरलाय?" तिने विचारलं.

"आहे."

"नेस्तोरीचीसुद्धा एक अशीच सुटली होती. पाद्रीबाबांच्या सौनात. त्याने जन्मात कुणाला सांगितलं नाही."

सगळे भाग स्वयंपाकघरात चुलीशी वाळत ठेवले. रविवारी सकाळी रेइनोने तिथेच सांधे पुन्हा जुळवले. सरस वाळेपर्यंत सांधे दाबून धरायला पुरेसे लांब शिकंजे दोनच होते. बाकीच्या ठिकाणी कपडे वाळत घालायची दोरी गुंडाळून, तीत आमटीचा डाव अडकवून पीळ दिला. बैठकीवर मात्र भार हवा होता. रेइनो पिठाचं पोतं आणायला निघाला.

"पोतं कशाला?" म्हणत हिल्मा बसली.

दहा वाजता गावातले पाहुणे बर्फ तुडवत आले. कॉफी झाली, वेलदोड्याचे पाव झाले. वाढदिवसाचं गाणं सुरू झालं तेव्हा पाद्रीबाबा हात पुढे करून म्हणाले, "हिल्माआजी, उठा, आमच्यात उभ्या राहा."

"नाही जमायचं. मी शिकंजा आहे."

पाद्रीबाबांनी सिल्वीकडे पाहिलं. सिल्वीने त्यांना आणखी कॉफी वाढली.

पाहुणे पांगल्यावर, संध्याकाळी सहाला, रेइनोने दोरी सोडली. हिल्मा एकदा पुढे झुलली, एकदा मागे. खुर्ची कुरकुरली नाही. तिने हात दांड्यांवर ठेवले आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

"बसता येतं," ती म्हणाली.

रेइनोने मान हलवली. मग अंगात कोट चढवून तो खोपटात गेला आणि सरसाचं भांडं घासत बसला. भांडं सकाळीच घासलेलं होतं.