आजोबांकडे आलेले तपासनीस

कल्याण कोणी वसवलं यावर मी ज्ञानकोशासाठी लेख लिहिला आणि आधार म्हणून आमच्या आळीतल्या आजोबांचं नाव ठोकून दिलं. ते तपासायला मुंबईहून एक गृहस्थ आगगाडीने आले. पगडी काढून गुडघ्यावर ठेवायची आणि मान कलती करून ऐकत राहायचं, अशी त्यांची रीत. माझ्यापुढे जांभया देणारे आजोबा त्यांच्यापुढे असे खुलले की माझा नुसता जळफळाट झाला.

शेवटी गृहस्थांनी विचारलं, "हे आपण कोणाकडून ऐकलंत?"

आजोबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या मास्तरांकडूनच. हे कधी विचारत नाहीत हो, सांगतच सुटतात."

गृहस्थ हसलेसुद्धा नाहीत. पगडी चढवून उठले. लेख बुडाला, त्याचं दुःख ओसरलं. पण आजोबा त्यांना म्हणाले, "आता जेवूनच जा," ते अजून सलतं. मला त्यांनी कधी पाणीही विचारलं नव्हतं.